छोट्या प्रवाळ टाकीसाठी दिवा निवडताना वॅटपलीकडे काय पाहावे

समुद्री टाकीसाठी दिवा घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो “किती वॅटचा?” हा. खरे तर खानदेशातल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये. ठिबकवर केळी घेणारा रावेर-यावलकडचा कोणताही शेतकरी सांगेल की, विहिरीवरची मोटर किती अश्वशक्तीची आहे यावर केळीचा घड भरत नाही. झाडाच्या मुळाशी तासाला किती लिटर पाणी पडते आणि नळीवरच्या पहिल्या झाडाला पडते तितकेच ते शेवटच्या झाडालाही पडते का, यावर तो भरतो. दिव्याचे वॅट ही मोटरची अश्वशक्ती झाली. प्रवाळाला कर्तव्य आहे ते त्याच्या अंगावर प्रत्यक्ष पडणाऱ्या उजेडाशी. तो किती आहे, कोणत्या रंगाचा आहे आणि टाकीभर सारखा पसरतो का, एवढे कळले की दिव्याची निवड निम्म्याहून अधिक झाली. उरलेला भाग आपल्याकडचा उन्हाळा ठरवतो.

प्रवाळ झाडासारखा दिसला तरी तो प्राणी आहे. मात्र त्याच्या शरीरात झूझँथेली नावाची एकपेशीय शैवले राहतात, ती उजेडावर अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा यजमानाला देतात. उथळ, स्वच्छ पाण्यातल्या अनेक प्रवाळांची ऊर्जेची बहुतेक गरज या भाडेकरूंच्या भाड्यावरच भागते. उजेड कमी पडला की भाडे थकते आणि प्रवाळ हळूहळू खंगतो. उजेड सोसण्यापलीकडे गेला तर शैवलांच्या पेशींत ऑक्सिजनची घातक रूपे साचतात, प्रवाळ त्या शैवलांना बाहेर काढून टाकतो आणि स्वतः पांढरा पडतो. दोन्ही टोकांना मरणच आहे. फरक इतकाच की कमी उजेडाचे मरण महिन्यांचे असते आणि जास्त उजेडाचे काही दिवसांचे. म्हणून शंका असेल तेव्हा कमी उजेडाच्या बाजूने चूक करावी.

हा उजेड मोजण्याचे माप लुमेन किंवा लक्स नव्हे. ती मापे माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेली आहेत आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो, निळ्याला फारच कमी. त्यामुळे प्रवाळाला भरपूर उपयोगी असलेला गडद निळा दिवा लक्समीटरवर अगदी फिका ठरतो. प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला उजेड धरतात. या पट्ट्यातले प्रकाशाचे किती कण एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला पडतात ते मायक्रोमोल या कण मोजण्याच्या एककात सांगतात आणि या मापाला छंदी लोक ‘पार’ म्हणतात. पार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गावातल्या वडाचा पार येतो, आणि गंमत म्हणजे उदाहरणही तेथूनच घेता येते. भर दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा २००० च्या घरात जातो, आणि वडाच्या दाट सावलीत तो त्याच्या काही टक्क्यांवरच येतो.

आपल्या टाकीला नेमका किती आकडा हवा, हे ठरवण्याआधी एक कायदेशीर बाब स्पष्ट केली पाहिजे, कारण दिव्याची निवड तिच्यावरच अवलंबून आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी प्रवाळांचा, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणाऱ्या सर्व प्रवाळांचा, समावेश आहे. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंख हेही त्यात आले. मालवणला सहलीला गेलेल्या माणसाने किनाऱ्यावरून प्रवाळाचा मेलेला तुकडा पिशवीत टाकून आणणे हाही त्यामुळे गुन्हा ठरतो. इंटरनेटवर दिव्यांविषयी जे सल्ले सापडतात ते बहुतांशी परदेशातले आणि दगडी प्रवाळ पाळणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या दगडी प्रवाळाला २०० ते ३५० मायक्रोमोल लागतात, म्हणून तेथले लोक छोट्या टाकीवरही प्रखर दिवे टांगतात. आपल्याकडे घरच्या टाकीत जे ठेवले जातात ते मुख्यतः मशरूम, झोआ आणि लेदर या नावांनी ओळखले जाणारे मऊ जीव, आणि तेही आयातीची कागदपत्रे व पक्के बिल पाहूनच घ्यावेत. त्यांतल्या मशरूमला साधारण ३० ते ८०, झोआला ६० ते १५० आणि लेदरला ८० ते २०० मायक्रोमोल पुरतात. थोडक्यात, परदेशी सल्ल्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी उजेडात आपले काम भागते. जास्तीच्या वॅटसाठी मोजलेले पैसे पुढे मंद करून ठेवण्यासाठीच मोजलेले असतात.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी टाकी धरली, तर दगड व वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात सुमारे ८५ लिटर पाणी मावते आणि तळाचे क्षेत्रफळ जेमतेम ०.२८ चौरस मीटर भरते. टाकीच्या मध्यावर सरासरी १०० मायक्रोमोल हवे असतील, तर तेथे सेकंदाला एकूण २८ मायक्रोमोल पोहोचले पाहिजेत. चांगला एलईडी दिवा दर वॅटमागे सेकंदाला दीड ते दोन मायक्रोमोल उजेड देतो. त्यातला निम्मा उजेड बाहेर सांडतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून परततो किंवा काचेत आणि दगडांत वाया जातो असे धरले, तरी सुमारे ४० वॅट पुरतात. हा दिवा दिवसाला ९ तास पूर्ण क्षमतेने चालवला, तर महिन्याला ११ युनिटच्या आत वीज लागते. हिशेब ढोबळ आहे हे मान्य. पण दीडशे वॅटचा दिवा गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यापुढे उभे राहताना तो खिशात असलेला बरा.

आता रंगाकडे वळू. प्रवाळाच्या टाक्या निळ्या का दिसतात, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिले उत्तर समुद्राचे आहे. पाणी तांबडा उजेड झपाट्याने गिळते. दहा मीटर खोलीवर तांबड्याचा थोडासाच अंश उरतो आणि निळा मात्र खोलवर जातो. झूझँथेलींची रंगद्रव्ये अशाच उजेडाला सरावलेली आहेत, त्यामुळे ४२० ते ४८० नॅनोमीटरचा जांभळट-निळा पट्टा त्यांच्या फार उपयोगाचा असतो. दुसरे उत्तर आपल्या डोळ्यांचे आहे. अनेक प्रवाळांत अशी प्रथिने असतात जी निळा उजेड शोषून हिरवा, केशरी किंवा तांबडा उजेड बाहेर टाकतात, आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या दिव्याखाली झोआचे ठिपके निखाऱ्यासारखे पेटलेले दिसतात ते त्यामुळे. ही चमक हा आपला आनंद आहे. तिच्यासाठी टाकी इतकी निळी करणे की माशाचा खरा रंगही ओळखू येऊ नये, ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट झाली. प्रवाळाची तशी काही मागणी नसते.

पाणी तांबडा उजेड गिळते या वाक्यावरून आणखी एक गैरसमज होतो. एक-सव्वा फूट पाण्यात ही गळती इतकी किरकोळ आहे की ती विसरावी. टाकीच्या वरच्या दगडावर १८० आणि तळाशी ५० असा फरक दिसतो तो पाण्यामुळे कमी आणि उजेड खाली जाताना फाकत गेल्यामुळे जास्त. तांबडा उजेड थोडा असावा, कारण त्याने रंग नैसर्गिक दिसतात. पण त्यासाठी वेगळ्या तांबड्या एलईडींची रांग असलीच पाहिजे असे नाही. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावर पिवळट चकाकणाऱ्या भुकटीचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो, त्यामुळे हिरवा-तांबडा भाग त्यात आपसूक येतो. ज्या निळ्या एलईडीवर हे सगळे उभे आहे त्याच्या संशोधनासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दिव्यात निळ्याचे प्रमाण अधिक, पांढऱ्याचे कमी आणि दोन्ही स्वतंत्रपणे मंद-प्रखर करण्याची सोय असली, की रंगाचा विषय माझ्या लेखी संपला. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठी मिळणारा ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. मशरूम आणि लेदर त्याखाली जगतील, वाढतीलही. फक्त ते तपकिरी, मरगळलेल्या रंगाचे दिसतील.

उजेड सारखा पसरण्याचा मुद्दा मात्र दुकानात कोणी काढत नाही, आणि लहान टाकीत खरी फसगत येथेच होते. एलईडीवर जी छोटी भिंगे बसवलेली असतात त्यांचा कोन अरुंद, समजा ६० अंशांचा असेल, तर टाकीच्या मधोमध उजेडाचा खांब उभा राहतो आणि कोपरे अंधारात राहतात. मधला जीव भाजतो, कोपऱ्यातला उपाशी मरतो, आणि सरासरीचा आकडा कागदावर अगदी बरोबर असतो. उथळ टाकीला ९० ते १२० अंशांची भिंगे आणि टाकीच्या लांबीच्या निम्म्याहून मोठा दिवा बरा पडतो. दिवा पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर वर टांगला तर पसारा वाढतो आणि मधला जाच कमी होतो, पण उजेडाचा काही भाग घरात सांडतो. निळे, पांढरे, तांबडे दाणे एकमेकांपासून दूरदूर बसवलेला स्वस्त दिवा घेतला, तर वाळूवर रंगीत पट्टे हलताना दिसतात, वरातीतल्या गाडीवरच्या रोषणाईसारखे. त्याने प्रवाळाचे काही बिघडत नाही. बघणाऱ्याचे डोके मात्र उठते.

जुन्या प्रकारच्या दिव्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मेटल हॅलाइडचा उजेड उत्तम असतो, पण १५० वॅटची ती भट्टी जळगावात मे महिन्यात टाकीवर टांगणे हा विनोद होईल. टी-५ ट्यूब उजेड फार सारखा पसरवतात, हा त्यांचा गुण आजही एलईडीला सहज साधत नाही; मात्र २४ वॅटच्या दोन-चार ट्यूब वर्षाच्या आत बदलाव्या लागतात आणि त्या मिळवायला मुंबईकडे डोळे लावून बसावे लागते. म्हणून आपल्यासाठी एलईडीच.

एलईडी गरम होत नाही असे म्हणतात ते खरे नाही. त्याचा उजेड गरम नसतो, पण तो स्वतः मागच्या बाजूने तापतो, आणि पाण्यात शिरलेला उजेडही शेवटी उष्णताच होतो. भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि प्रवाळ टाकीचे पाणी २५ ते २७ अंशांत राहावे लागते. येथे आपला माठ मदतीला येतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीवर वाऱ्याचा झोत सोडला की पाणी गार होते. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. म्हणजे दिवसभरात एक लिटर पाणी उडाले, तर दिवसरात्र २८ वॅट उष्णता बाहेर काढल्यासारखे झाले. आपला ४० वॅटचा दिवा नऊ तास चालून चोवीस तासांची सरासरी १५ वॅट पडते, त्यामुळे दिव्याची उष्णता अर्ध्या लिटरभर पाण्यात वाहून जाते. संगणकातले असतात तसे दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे पृष्ठभागावरून तिरके वारे सोडतील असे बसवले, की कोरड्या एप्रिल-मेमध्ये त्यांचा चांगला उपयोग होतो. कोकणातल्या दमट हवेत हे पंखे इतके कामाला येत नाहीत. येथे आपल्या रखरखीत हवेचा फायदाच होतो. मात्र खिडक्या बंद करून त्याच खोलीत पाण्याचा कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंखे निरुपयोगी ठरतात. घर छताखाली तापणारे असेल आणि पंखे लावूनही पाणी २८ च्या खाली येत नसेल, तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, किंवा वातानुकूलित खोली यांना पर्याय नाही, आणि तो खर्च दिव्याच्या आधी धरला पाहिजे.

वाफ होते ती पाण्याची. मीठ टाकीतच राहते. ८५ लिटरमधून दोन लिटर उडाले तर दर किलोला ३५ ग्रॅम असलेली क्षारता ३६ च्या जवळ जाते, म्हणून रोज तितकेच आरओचे गोडे पाणी घालावे. बोअरचे जड पाणी घालू नये. दिवा निवडताना याचा संबंध असा की, पंख्यांसाठी टाकी उघडी ठेवावी लागते, उघड्या टाकीतून खारे तुषार उडतात आणि ते दिव्यावर बसतात. त्यात आपल्या वैशाखातली धूळ मिसळली की भिंगांवर पांढरट पुटे चढतात. आठवड्यातून एकदा दिवा बंद करून, गार झाल्यावर, ओलसर फडक्याने पुसावा. अनेक दिव्यांच्या कागदावर भोवतालच्या हवेचे कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास लिहिलेले असते. ते वाचून घ्यावे, आणि ज्याचा पंखा व ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) वेगळा काढून बदलता येतो असाच दिवा घ्यावा. जूनपर्यंत थांबून मुंबईहून सुटा भाग मागवणे त्यामुळे टळते.

उन्हाळ्यात आणखी एक युक्ती करावी. प्रवाळाला घड्याळ कळत नाही. खोली सर्वांत जास्त तापते ती दुपारी, तेव्हा दिवा बंद ठेवून तो टायमरवर दुपारी चार ते रात्री बारा किंवा एक असा लावला, तर दिव्याची उष्णता उतरत्या तापमानात पडते आणि कामावरून आलेल्या माणसालाही टाकी पाहायला मिळते. एकूण आठ ते नऊ तास पुरे. त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा एक तास उजेड चढता-उतरता असावा. पाहुणे आले म्हणून दिवा रात्री पुन्हा लावू नये.

फुकटचे ऊन का वापरू नये, असाही प्रश्न येतो. दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरात ऊन खोलीत आतवर येते. मेच्या चौथ्या आठवड्यात जळगावच्या आसपास सूर्य दुपारी नेमका माथ्यावर येतो आणि त्याच खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येत नाही. पश्चिमेच्या खिडकीत उलट उन्हाळी संध्याकाळचा मारा असतो. इतक्या बदलत्या आणि इतक्या तापवणाऱ्या उजेडावर छोटी टाकी चालवता येत नाही. टाकी खिडकीपासून दूर ठेवावी.

दिवा कितीही विचारपूर्वक घेतला तरी पहिल्या दिवशी तो पूर्ण क्षमतेने लावणे हा सर्वांत महागात पडणारा उत्साह आहे. मी स्वतः जुना मंद दिवा काढून नवा बसवला, त्याच संध्याकाळी सगळे रंग शंभर टक्क्यांवर नेले, आणि चौथ्या दिवशी मशरूम सुकलेल्या बोरासारखे आक्रसून पांढरट झाले होते. शेजारचे केळीवाले काका बघायला आले होते. ते म्हणाले, “टिश्यूकल्चरचं रोप प्रयोगशाळेतून थेट शेतात लावतो का आपण? आधी शेडनेटखाली ठेवून कडक करतो.” त्यांना प्रवाळातले काही कळत नव्हते आणि तरीही त्यांनी नेमकी चूक सांगितली. तेव्हापासून मी नवा दिवा ३० टक्क्यांवर सुरू करतो आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवतो. नवा जीव आणला तर तो आधी तळाशी, कडेला ठेवून दोन-तीन आठवड्यांनी वर सरकवतो.

पार मोजण्यासाठी लागणारा खरा क्वांटम मीटर महाग असतो. तो कोणाकडून एक दिवस मिळाला तर टाकीत नऊ ठिकाणी, म्हणजे तळ, मध्य आणि वर अशा तीन पातळ्यांवर, प्रत्येकी डावीकडे, मधे आणि उजवीकडे मोजून आकडे कागदावर लिहून ठेवावेत. मोबाइलच्या ॲपवर आकडा म्हणून विश्वास ठेवू नये; कोपरा मध्यापेक्षा किती पट अंधारा आहे एवढे मात्र ते बऱ्यापैकी सांगते. मीटर नसेल तर दिव्यासोबतचा पारचा तक्ता मागावा. तो तक्ता किती उंचीवरून आणि पाण्यात मोजला की हवेत, हे त्यावर लिहिलेले नसेल, तर तो जाहिरातीचा कागद समजावा.

विजेबाबत दोन गोष्टी पाळाव्यात. दिव्याची वायर टाकीपासून निघून प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झुकलेली असावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले खारे पाणी सॉकेटात न जाता जमिनीवर पडते. आणि त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारे ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण, असलेच पाहिजे. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर असेल तर त्यावर पाणी फिरवणारा पंप जोडावा, दिवा नाही. एक दिवस अंधार झाला तर प्रवाळाला काही होत नाही, समुद्रावरही आठवडाभर आभाळ भरलेले असते. पाणी थांबून ऑक्सिजन कमी झाला तर मात्र काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडू लागतात.

पुढचा मीटर म्हणजे टाकीतले जीवच. झोआचे देठ वाढून ते बाटलीच्या गळ्यासारखे लांब होऊ लागले, मशरूम ताटलीसारखे पसरून काचेकडे झुकू लागले, तर उजेड कमी आहे. नुसते तपकिरी झाले तर घाई करू नये, कारण पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढले तरी तसे होते. आधी पाणी तपासावे. रंग फिका पडत चालला, अंग आक्रसले, झोआ दिवसाही मिटून राहिले, तर उजेड जास्त आहे, आणि अशा वेळी दिव्याचे टक्के त्याच दिवशी कमी करावेत. वाढवताना मात्र एका वेळी एकच बदल करावा, उंची किंवा टक्के, आणि मग दोन आठवडे टाकीला हात लावू नये.